काखेतली बाटली

औरंगाबाद, ऑगस्ट १९७८

तीर्थरूप मुंजाबा मामांस बिरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

सारजामामींचा गुडघा कसा आहे? मेंढरांची खुरं बरी झाली का? मी सुखरूप आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावापासून शहर धुमसतंय. वसतिगृहातल्या निम्म्या सोबत्यांना गावाकडची खबर नाही. त्यापुढं माझं गाऱ्हाणं लहान. तुम्ही मोतीरामकाकांना गळ घालून चिकलठाण्याच्या कंपनीत ठरवलेल्या मुलाखतीला मी बुधवारी पोचलो नाही. संचारबंदी होती, असं घरी आप्पांना कळवावं.

अंड्यातल्या कोवळ्या पिल्लाच्या कातडीच्या पेशी मी बाटलीत वाढवतो, हे मागं लिहिलंच होतं (तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, कोंबडी कधी होणार. होत नाही). पेशी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जिवंत कण. काचेवर त्या आधी गोळा होऊन पडतात, मग पसरतात, पुढून पापुद्र्यासारखा पाय काढून काच धरतात आणि मागचं अंग ओढून घेतात. दिवसाकाठी बाजरीच्या अर्ध्या दाण्याइतकी वाट. काच गच्च भरली की मधून एक रेघ खरवडायची. दोन्ही काठांच्या पेशी चालत येऊन ती बुजवतात. जखम अशीच भरते. माझी पदवी त्या रेघेवर अडकली आहे.

मंगळवारी दुपारी रेघ मारली आणि वीज गेली. बाटल्या उबेत ठेवायची पेटी गार पडू लागली. गारठल्या की पेशी थांबतात आणि फार वेळ गेला तर मरतात. उस्मानपुऱ्यात माझ्या मार्गदर्शक सरांच्या घरी वीज होती. आपण कोकरू घोंगडीखाली अंगाशी धरतो, तशी बाटली काखेत धरून निघालो. क्रांती चौकात पोलिसांनी हात वर करायला सांगितलं. मी एकच केला.

"दुसरा?" जमादार म्हणाले.

"साहेब, तिथं पेशी चालायल्यात."

"संचारबंदीत? कुठं?"

"पल्याडच्या काठाला. सकाळपर्यंत पोचतील."

मला चौकीत बसवलं. जमादार रामकिसन सज्जन गृहस्थ. माझा हात बधिर झाल्यावर त्यांनी बाटली तासभर स्वतःच्या काखेत धरली आणि तेवढा वेळ एकदाही खाकरले नाहीत.

सकाळी सुटलो. विद्यापीठात सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही, मग मला स्वतःची खुर्ची दिली. रेघ बुजली होती. मामा, मी इतका आनंदात कधीच नव्हतो.

आपला भाचा,
बिरू

ता.क. बुधवारी नऊ ते एक संचारबंदी उठवली होती. कंपनीची बस चौकात माझ्यापुढंच थांबली, ड्रायव्हरनं येतो का म्हणून विचारलंही. मी विद्यापीठाकडं वळलो.

ता.क. २. सरांनी आणखी तीन वर्षं याच कामावर राहायला सांगितलंय. मी हो म्हणालो. आप्पांनी सोयगावात नोकरीचे पेढे वाटलेत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्यांना तुम्हीच सांगा. आधी जेवण होऊ द्या, आणि त्यांची काठी तुमच्या बाजूला ठेवा.