मायच्या घरची भाडेकरू

माय, आज कॉलेजच्या ऑफिसात बाबूंनी विचारलं, "मॅडम, यंदा टॅक्स जुन्या पद्धतीनं कापू का नव्या? जुन्या पद्धतीनं पाहिजे असन तं घरभाड्याच्या पावत्या आणून द्या." नव्या पद्धतीत भाड्यावर सवलत नाही, पण माझा हिशोब तिच्यातच बरा बसतो. मी नवी सांगून टाकली. म्हणजे यापुढे मला कोणत्याच घरमालकाकडे पावती मागायची नाही. माणसाला हलकं वाटायला हवं. मला राग आला, आणि तो तुझ्यावर आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडायला मला एवढंसं निमित्त पुरतं.

पुलगावच्या कॉलेजात मी पर्मनंट झाले ते वर्ष आठव. पगारात घरभाडे भत्ता येऊ लागला होता. स्टाफरूममध्ये सगळे सांगत, बाबा गेल्यावर घर आईच्या नावावर झालंय ना, मग तिला भाडं देतो असं दाखवा, पावतीवर तिची सही घ्या, टॅक्स वाचतो. मी नाचणगावला घरी आले तेव्हा तू ताटात पाटवडी थापत होतीस. मी तिकीट चिकटवलेली पावती तुझ्यापुढे धरली. तू पदराला हात पुसलेस आणि मोठ्यानं वाचलंस, 'माझ्या मुलीकडून घरभाडे मिळाले.' मग माझ्याकडे पाहिलंस. "कवा मिळालं वं?"

मी म्हटलं, सगळेच असं करतात.

"सगळे करतात म्हनून आपन कराचं नाई, हे काल विहारासमोर माईक धरून कोन सांगत होतं? मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वापस दे माह्या टाळ्या."

मग मी उभी राहून बोलले. पगारदाराच्या हातात पैसा पडायच्या आधीच सरकार कापून घेतं, मोठे मोठे सुटतात, आणि मुलीनं आईला भाडं देऊ नये असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही! तू शांतपणे पाटवडीचे काप करत राहिलीस. "झालं भाषन? नाई ना लिवलं कायद्यात? मंग देजो भाडं, अन् सही घेजो."

अशी मी तुझी भाडेकरू झाले. मला तो नुसता कागद वाटला होता, पण तू तो अक्षरशः पाळलास. पाच तारखेच्या आत पैसे. पुस्तकांच्या फळीसाठी मी हातोडी काढली तर तू दारात उभी. "भाडेकरूनं खिळा ठोकाच्या आधी इचारलं पाहिजे." शेजारणीला सांगायचीस, "समोरच्या खोलीतली बाई मोठी भाषनं देते, पन भाडं येळेवर देते हो." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, काही दिवस.

मग मागच्या खोलीत ती भाड्यानं राहायला आली. तळेगावची, पुलगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. पहिल्याच आठवड्यात ती तुला 'माय' म्हणू लागली. तुला मी एकटी. तो शब्द त्या घरात माझ्याशिवाय कोणी उच्चारला नव्हता. मी तिला ताईपणानं कायदाही समजावला, की पगारात घरभाडे भत्ता नसला तरी भाड्यावर सवलत मागता येते, मायकडून पावती घेत जा. ती ओढणी तोंडाला लावून हसली. "ताई, माह्या पगाराले टॅक्सच लागत नाई, तं सवलत कायची मांगू? अन् मायले पावती मांगू मी?" ते 'मायले' मला आजही ऐकू येतं.

आर्वीला माझं भाषण झालं त्या दिवशी लोक उभे राहिले होते. घसा बसलेला, हातात हार, मी अंगणात पाय ठेवते आणि पाहते, तू ओट्यावर बसली आहेस, ती तुझ्या पायाशी, तुझी बोटं तिच्या केसांत तेल जिरवताहेत. दोघी कशाला तरी हसताय. मला पाहून हसू थांबतं. कसं झालं भाषण, हे तू विचारत नाहीस. "जेवून घे, झाकून ठेवलं हाय. अन् तुह्ये या महिन्याचे पैसे आले नाई."

"हिचे दोन महिने थकलेत!" मी ओरडले. "हिला काऊन नाही विचारत?"

तू मान वर केली नाहीस. "तिले काय इचारू? ते कुठं पावती मांगते?"

ती उठायला लागली, तर तू तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलंस. सभेत कोणी मध्येच ओरडलं तर मी त्याला दोन वाक्यांत गप्प करते. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही.

आता सुचतं, ऐक. तू चुकलीस. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद न मागता राबून पाहिलं, घामाची पावती कोणी दिली नाही. म्हणून मी गावोगाव सांगत फिरले, लिहून घ्या, सही घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. तेच मी घरात केलं तर परकी झाले? पावती मागणारी भाडेकरू, आणि न मागणारी लेक, हा कुठला न्याय? या मुद्द्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. फक्त तू समोर हवीस.

मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, वाटतो. तू तुझं पांढरं लुगडं तिला दिलंस, वैशाख पौर्णिमेला ते नेसून ती तुझ्या बाजूनं विहारात आली. मी बोलत होते आणि बायांच्या रांगेत मला एकमेकींना टेकलेल्या तुम्ही दोघी दिसलात. माझं पुढचं वाक्य हरवलं. लोकांना वाटलं, बाई भावनेनं थांबल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं तळेगावात घर बांधलं, मागच्या रविवारी त्याचा कार्यक्रम होता. आता ती मोठ्या दवाखान्यात हेडनर्स आहे. मला आग्रहानं बोलावलं, "ताई, तुमी दोन शब्द बोलाच." मी बोलले, आणि चांगलं बोलले. पाहुण्यांना ती सांगत होती, "ह्या मायच्या पोरी हायेत बरं, खऱ्या." खऱ्या! एवढा एक शब्द तिनं मला किती सहज देऊन टाकला. ज्याच्याकडे भरपूर असतं तोच असं देऊ शकतो.

तिच्या बैठकीत तुझा फोटो आहे, तिनंच कधी मोबाईलवर काढलेला, मोठा करून घेतलेला. त्यात तू हसतेस, तोंडावर पदर नाही, पडलेल्या दाताची फट दिसते. माझ्या भिंतीवर आहे तो तुझ्या आधार कार्डावरचा, ताठ आणि घाबरलेला. दुसरा माझ्याकडे नाही. ती मागे येऊन म्हणाली, "ताई, याची कॉपी काढून देऊ का तुमाले?" मी चष्मा सारखा केला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हटलं, "नको. फोटो हललाय थोडा. बैठकीत शोभत नाही, दुसरा लाव." तिचा चेहरा पडला. मी गाडीत बसले तोवर तिनं तो उतरवलाही असेल.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. फोटो हललेला नव्हता, माय.