वर कोण बसलंय

रविवार, १२ जानेवारी २०२५

घोडे! एवढंच राहिलं होतं.

आज ह्यांना दर्शनाकडे नेलं. ती आमच्याच हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे. नाशिकची, वयाने माझ्या इमादएवढी. ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो ऑक्टोबरात. पाय आता बरा चालतो, उजवा हात थोडाफार वळतो, पण बोलणं म्हणाल तर तीन शब्द — 'हो', 'नाही' आणि 'यल्ला', म्हणजे इथल्या अरबीतलं 'चला'. त्यातही हो आणि नाही कुठलं कुठे पडेल त्याचा नेम नाही. चहा हवा का विचारलं तर नाही म्हणतात आणि कप ओढून घेतात.

दर्शना म्हणाली, "सफूरा मॅडम, त्यांच्या हो-नाहीवर जाऊच नका. बोटाने दाखवू द्या. आणि रोज थोडा वेळ त्यांच्या आवडीचं काहीतरी घेऊन बसा. काय आवडतं सरांना?"

"घोड्यांच्या शर्यती."

"मग शर्यती."

तिला सांगायला काय जातंय! लग्न झाल्यापासून ह्याच विषयावरून मी भांडत आलेय. मुंबईत होतो तेव्हा तो जुगार होता, म्हणून भांडले. इथे रियाधला पैसे लावतच नाहीत, लोक मैदानावर जातात, जिंकणारा घोडा ओळखायचा प्रयत्न करतात आणि घरी येतात. तेव्हा वेळ फुकट जातो म्हणून भांडले. आता तोच अभ्यास मी करायचा.

आणि ह्याच आठवड्यात करायचा, जेव्हा पुढच्या रविवारी मला ऑफिसात उत्तर द्यायचंय — करार वाढवायचा की फायनल एक्झिट घेऊन कायमचं परत जायचं. ह्यांची नोकरी गेली, आता ह्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्या इकाम्याला बांधलेला. मी थांबले तर दोघं थांबणार, मी निघाले तर दोघं. इमादने दापोलीत तळमजल्यावरचं घर बघून ठेवलंय. माझं काय, मी आज पिशवी भरेन. पण ह्यांना काय हवंय ते कळल्याशिवाय कसं ठरवू?

विचारलं, "दापोलीला जायचं?"

"हो."

"इथेच राहायचं?"

"हो." आणि वर, "यल्ला."

सोमवार, १३ जानेवारी

शनिवारच्या शर्यतींचा कार्यक्रम उमैरने फोनवर पाठवला. हा खेडचा, ह्यांच्या जुन्या कंपनीत ड्रायव्हर, आणि शर्यतींच्या नादातला ह्यांचा जोडीदार. खाली लिहिलंय, 'भाभी, अभ्यासाला शुभेच्छा.' आगाऊ.

लॅबमध्ये छापून आणला, मोठ्या अक्षरात. सहा शर्यती. सगळ्या वाळूच्या धावपट्टीवर — गवत नाही, त्यामुळे पाऊस असो की थंडी, शर्यत होतेच. प्रत्येक ओळीत घोड्याचं नाव, शेजारी जॉकीचं, मग वजन, सुटायची जागा, मागच्या पाच शर्यतींतले नंबर. म्हणजे आकडेच आहेत. आकड्यांना मी भीत नाही, बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स होतं. मागचे नंबर घ्यायचे, अंतर बघायचं, वजन बघायचं, निकाल समोर. ह्यात आयुष्य घालवण्यासारखं काय आहे?

ह्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा मागितला. म्हणजे कपाळाला हात लावला. मला कळलं.

मंगळवार, १४ जानेवारी

पाऊस. रियाधला पाऊस म्हणजे रस्ते बंद. लॅबमध्ये नवं मशीन आलं, खोकी फोडायला एक जाणता माणूस नाही. पोरी पुस्तक उघडून एकमेकींची तोंडं बघत होत्या. शेवटी मीच बाह्या सारल्या, चालू करून दिलं, कंट्रोलचे नमुने लावून आकडे बरोबर आले तेव्हाच उठले. घोडे नाहीत आज.

बुधवार, १५ जानेवारी

आज डोकं उठलं.

पहिली शर्यत घेतली. बाराशे मीटर, कधीच न जिंकलेल्या घोड्यांची. मी वाचून दाखवलं — रिमाल, आतली जागा, मागच्या वेळी दुसरा. "हा येईल ना?" ह्यांनी बोट पुढे केलं. बोट घसरलं आणि शेजारच्या रकान्यात गेलं. मी धरून घोड्याच्या नावावर आणलं. पुन्हा घसरलं. पुन्हा आणलं. हात झटकून मोकळे झाले.

दुसरी शर्यत. तेच. तिसरी. तेच! चौथीला तर तोंड फिरवून बसले. मी म्हटलं, "मी दिवसभर राबून आलेय, आणि तुमच्यासाठी हे घोडे वाचतेय. नीट दाखवाल का?"

"नाही."

तो नाही मात्र खरा होता.

गुरुवार, १६ जानेवारी

संध्याकाळी उमैर आला. खजूर घेऊन आला, साखर वाढलेल्या माणसाकडे. डबा मी उचलून आत ठेवला.

त्याच्यासमोर कागद काढला म्हणजे ह्यांना जरा हुरूप येईल असं वाटलं. बोट परत घसरायला लागलं, मी परत धरायला गेले, तर उमैर म्हणाला, "अहो भाभी, सोडा ना त्याचा हात."

"घसरतोय तो."

"घसरत नाही. तो जॉकी दाखवतोय."

मी कागद बघितला. दुसरा रकाना, जॉकींचा.

"विसरलात?" उमैर म्हणाला. "हा कधी घोडा बघायचा? मी घोड्याचं नाव घेतलं की मला शिव्या घालायचा. घोडा सगळ्यांना दिसतो, गाढवा, वर कोण बसलंय ते सांग!"

हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने, पण हसले. उमैरने त्यांच्या मांडीवर थाप मारली. "बघा, अजून मला गाढवच समजतो."

विसरले नव्हते मी. वर्षानुवर्षं ते वाक्य ह्या घरात ऐकलंय. ऐकलं होतं म्हणजे कानावर पडत होतं, आणि मी भांडी आपटत होते. दोन दिवस त्यांचं बोट धरून चुकीच्या जागी ठेवत होते. माझ्या लॅबमध्ये एखादीने असं केलं असतं तर मी तिला उभी केली असती.

तरीही ही पद्धत मला पटत नाही. पळतो कोण? घोडा.

शुक्रवार, १७ जानेवारी

इमादचा फोन. "अम्मी, just decide. अब्बांना विचार."

"विचारलं. दोन्हीला हो म्हणाले."

"मग तुला काय हवंय?"

"मला काय हवं असायचंय? मी तयारच आहे. त्यांच्यासाठी अडलंय." हे बाजूलाच बसले होते. मान वर केली, माझ्याकडे बघितलं, परत कागदात. हल्ली असे बघतात. तिकडे फिजिओथेरपी काय, डॉक्टर काय, सगळं मिळतं. इथे घोडे आहेत आणि उमैर आहे. दोन्ही बाजू कागदावर मांडल्या, बरोबरीत सुटल्या.

मग उद्याची निवड पक्की केली. आता मी हात धरत नाही, भराभर होतं.

पहिलीत माझा रिमाल, त्यांचा गैम. दुसरीत दोघांचाही बर्क — माझा त्याच्या वेळांमुळे, त्यांचा जॉकीमुळे. तिसरी कठीण, चौदा घोडे, मी सगळ्यात हलकं वजन घेतलं. चौथीत माझा सुलतान-नज्द, पाचपैकी चार जिंकलेला, ह्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. आणि ह्यांचं बोट कुठे, तर अबू शामा! नऊ वर्षांचा करडा घोडा, मागच्या पाचांत एकदाही पहिल्या चारांत नाही. कारण वर तो बुटका फहाद, गैमवाला. मी म्हटलं, "अहो, घोडा म्हातारा झालाय." बोट हललं नाही. पाचवीत आणि सहावीतही फहादच. म्हटलं, बसा फहादला धरून.

उमैरची निवड फोनवर आली. सगळे लोकप्रिय घोडे. ह्याला अभ्यास म्हणतो.

शनिवार, १८ जानेवारी

मैदानावर जाऊन आलो. उमैर गाडी घेऊन आला, ह्यांना व्हीलचेअर नको होती, चालले. थंडी चांगलीच होती, माझी शाल ह्यांना दिली, नको म्हणाले म्हणजे हवी होती.

पहिलीत गैम आला. रिमाल पाचवा. दुसरीत बर्क, दोघांचाही. तिसरीत माझा हलका घोडा! मी उभी राहिले, मग आजूबाजूला बघून बसले.

चौथी मात्र लिहायला हवी. सुलतान-नज्द सुटताना जरा मागे राहिला आणि पुढच्यांच्या टापांची वाळू त्याच्या तोंडावर उडायला लागली. त्याला ते सोसेना, मान वर करून लढायलाच लागला जॉकीशी. फहादही मागेच होता, पण त्याने म्हाताऱ्याला बाहेर काढलं. पार बाहेर, जिथे वाळू उडत नाही. लांबचा रस्ता पडला. उमैर म्हणाला, "गेला, हा तर जेद्द्याला निघाला." आणि शेवटच्या वळणावरून तो करडा एकटा, स्वच्छ तोंडाने, आला. अर्ध्या मानेने जिंकला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते घोड्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, कळलं का, अशा नजरेने.

पाचवीत फहाद शेवटून दुसरा, सहावीत तर घोड्यावरून उतरून चालतच परत आला. तेव्हा काही सिद्ध वगैरे झालेलं नाही. त्यांचे तीन, माझे दोन. उमैर एकावर, आणि सबबी सांगतोय.

घरी आल्यावर पुन्हा विचारलं. दापोली? हो. रियाध? हो. उद्या उत्तर द्यायचंय. मी ह्या माणसाचं काय करू!

रविवार, १९ जानेवारी

सकाळी एक युक्ती सुचली. कोऱ्या कागदावर शर्यतीसारखे रकाने आखले. घोडे दोन — दापोली, रियाध. जॉकीचा रकाना रिकामा सोडला. ह्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "बोट ठेवा. हॉस्पिटलची बस यायची वेळ झालीय."

बोट उचललंच नाही. कागद माझ्याकडे सरकवला, रिकाम्या रकान्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "जॉकी?"

स्पष्ट. चौथा शब्द. तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला. पेन उचललं, घाईत एका घोड्यापुढे 'सफूरा' लिहिलं आणि कागद परत दिला. मग वाचलं, कुठल्या घोड्यापुढे लिहिलंय ते.

रियाध.

ह्यांनी बोट ठेवलं. माझ्या नावावर. घसरलं नव्हतं.