मुदतीनंतरचा दावा

प्रिय इदारा,

फोनवर तू ‘इकडे सगळं ठीक आहे’ म्हणतेस आणि लगेच ठेवून देतेस, म्हणून शेवटी लिहायला बसलो. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा इथे कोरडे, धुळीचे वारे होते. आता मका पेरून झाला, तरी तू तिकडे राजधानीत, अबुजात बहिणीकडेच आहेस. एमेमला मी सांगत असतो, आईचं काम संपलं की येईल. काल म्हणाली, “बाबा, केस हरल्यावर कसलं काम उरतं?” तुझीच मुलगी.

घर चाललंय. अफांगच्या भाजीची पानं माझ्या हातून जाडच चिरली जातात, एमेम तोंड वाकडं करून जेवते. संध्याकाळी खुर्च्या विणत बसतो. हात वेतावर, कान फाटकाकडे. पलंगावर तुझ्या बाजूला अजून सरकलो नाही. बाजारात तुला अजून ऑनरेबलच म्हणतात, जणू आमदार तूच. मासळीवाली आरित परवा म्हणाली, “निवडून गेला पक्षाच्या चेअरमनचा मेहुणा, पण आमची ऑनरेबल तीच. लवकर घेऊन ये तिला. तुला मेल्या भाव करता येत नाही, मासे विकण्यात मजाच राहिली नाही.”

पक्षाने उमेदवार निवडला तो दिवस सारखा आठवतो. शाळेच्या मैदानात लोक आपापल्या माणसामागे उभे राहिले. तुझी रांग फाटकाबाहेर पार रस्त्यावर गेली. मेहुण्यामागे त्याचे घरचे आणि भाड्याने आणलेले बँडवाले. सगळ्यांसमोर मोजून तुझं नाव पुकारलं गेलं. आणि पक्षाने निवडणूक आयोगाकडे पाठवलं ते मात्र त्याचं. “मी गप्प बसायची नाही,” म्हणालीस. खालच्या कोर्टात जिंकलीसही. मग अपिलात हरलो, आणि वरही. तू मला एवढंच सांगितलंस, पुरावा कमी पडला. मी न्यायाधीशांना वाटेल ते बोललो. तू ऐकून घेतलंस.

रविवारी चर्चबाहेर तुझे वकील एकोंग भेटले. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. म्हणाले, “पुरावा भक्कम होता हो. दावा मुदतीनंतर दाखल झाला, त्यावरच गेलो आपण. मी रोज फोन करायचो, आणि बाई म्हणायच्या, नवरा शुद्धीवर आला की येते सहीला.”

इदारा, माझं आतडं फुटलं आणि तू उयोच्या हॉस्पिटलात उशाशी बसून राहिलीस, तेच ते दिवस. मला फक्त आठवतं, डोळे उघडले तेव्हा तू हसत होतीस. इतके दिवस मी समजत होतो, हरल्याच्या लाजेने तू येत नाहीस. आता कळतंय. माझ्यासमोर बसून हे लपवणं तुला जमणार नाही, म्हणून लांब राहिलीस. आता लपवायचं काही उरलं नाही. तुझी खुर्ची माझ्यापायी गेली हे मला जन्मभर खुपणार आहे, पण तू जवळ असताना खुपू दे. शनिवारच्या बसने मी आणि एमेम निघतोय, तुला न्यायला. नाही म्हणायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझी वाट पाहून थकलेला, तुझाच
उबोंग