चौथी आठवण

५ जानेवारी २०११, नाकाडोंगरी

आले बाप्पा एकदाची! तृप्ती जवाहरनगरहून सामान घेऊन सोबत आली आणि अख्ख्या रस्त्यात माझं डोकं खाल्लं. लहान असून मलाच दटावते. ताई, स्वेटर घाल. ताई, वेळेवर जेव. कौशल्याबाईंनी दिलेली खोली ऐसपैस आहे. शेजारी सोमाजी आणि टेकचंद, दोघं साठीतले भाऊ. एका बिडीवरून सकाळपासून भांडतात, मग एकमेकांना चहा पाजतात.

काम मजेचं आहे. माणसाच्या लहानपणच्या तीन खऱ्या आठवणी घरच्यांकडून घ्यायच्या, त्यांत एक खोटी मिसळायची आणि पुन्हा पुन्हा विचारायचं. मेंदू आठवण जपून ठेवत नाही, दर वेळी नव्यानं रचतो. खोटी कशी रचतो ते बघायचं. मग नागपूरला डोक्यावर तारांची टोपी चढवून खऱ्या-खोट्याच्या लहरी ताडून पाहायच्या. खोटी मीच बसमध्ये रचली: तुम्ही गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बुडत होता, हिरव्या लुगड्यातल्या बाईनं तुम्हाला काढलं.

सोमाजींच्या आठवणी टेकचंद यांनी दिल्या. सरावासाठी माझ्या स्वतःच्या आठवणी तृप्तीनं दिल्या. चौथी, बोडीची खोटी, मला सांगताना असं तोंड केलं पोट्टीनं की मी हसून लोळले.

१५ जानेवारी

पहिल्यांदा सोमाजी म्हणाले होते, असं काही झालंच नाही. आज तिळाचा लाडू खाता खाता म्हणाले की हो, नाकात पाणी गेलं होतं, बाईच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. बांगड्या मी सांगितल्याच नव्हत्या! नागपूरच्या सरांना फोन केला, तेही खूश. बाहेर खाटेवर बसून टेकचंद हसत होते. म्हणाले, याले कालचं जेवण आठवत नाही, बोडी काय आठवते!

२४ जानेवारी

आज सोमाजी रडले. म्हणाले, आमी दोघं होतो, बाईचा एकच हात मोकळा होता, तिनं मलेच काढलं, टेकचंद तिथंच राह्यला. मला हसू आलं. म्हटलं, अहो, ते बाहेर बसलेत. बाहेर गेले तर खाटच नव्हती. कौशल्याबाई म्हणाल्या, तो तं लहानपणीच बोडीत गेला पोरी, तुले कोनं सांगतलं त्याचं?

परवा टेकचंद यांच्याच हातचा चहा प्यायले होते मी.

२५ जानेवारी

सोमाजींचे पाय धरले. सांगितलं, सगळं खोटं आहे, मी रचलेलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, खोटं कायले बोलता बाई, माया भाऊ होता तो. रेकॉर्डरवर टेकचंद यांचा आवाज होता. आता नुसती खरखर.

आठवणी ज्यांनी दिल्या, ते गेले. माझ्या तर तृप्तीनं —

२८ जानेवारी

तृप्तीचा फोन. रविवारी येते म्हणाली, वांग्याचं भरीत घेऊन. मी तिला फोन ठेवूच देईना. फार भीती वाटते. बोडीचा विचार करायचा नाही. नाही म्हटलं की जास्तच येतो. नाकात पाणी. बांगड्या.

३० जानेवारी

रविवार. दोन ताटं मांडली. दुसरं कोनासाठी, कौशल्याबाईंनी विचारलं. बहिणीसाठी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

फोनमध्ये तिचा नंबर — होता. होताच.

तृप्ती. जवाहरनगर. मला ताई म्हणते. ही खरी आहे. ही खरी —

हिरवं लुगडं. एकच हात. माझ्याकडेच येतोय. नको ना बाई, मी मोठी आहे, मला राहू द्या. तिला धरा, ती लहान आहे, ती बघा तिथं, तिचं नाव —