रोपवाटिकेसमोर मंदावणाऱ्या गाड्या

बुधवार, ता. ११
दुपार

मास्तरीणबाई,

सप्रेम लिहावं की सविनय, हे ठरेना, म्हणून नुसताच नमस्कार. तू बरी असशील. मावशींचा गुडघा कसा आहे? मी ठीक. जेवण वेळेवर होतं, झोप लागते. आई म्हणते मी वाळलो, पण तिला ते माझ्यावर चिडल्यावरच दिसतं.

हे पत्र कामाचं आहे. रोपवाटिकेसमोर येणाऱ्या पांढऱ्या गाड्यांबद्दल तू कंपनीकडे तक्रार केलीस, तिचं हे उत्तर. ऑफिसातून छापील उत्तर येईलच, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वगैरे. पण ते अर्धं असेल. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

हो, मी तिथेच कामाला आहे. कॉलेज सोडलेल्या मुलाला कोण काम देतं, असं तुला वाटलं असेल. गाडी बरी चालवतो म्हणून दिलं. या गाड्या विजेवरच्या, आवाज जवळजवळ नाहीच. चारी बाजूंनी कॅमेरे आहेत, तेच गाडीचे डोळे. त्यांना जे दिसतं त्यावरून ती वळते, थांबते, निघते. आपण चाकामागे बसायचं, पाय ब्रेकपाशी ठेवायचा आणि ती चुकली की सावरायचं. काही दिवस उलटं असतं. आपण हातानं चालवायची आणि तिनं बघत बसायचं. ज्या रस्त्यावर ज्याचा हात सगळ्यात चांगला, त्याचं चालवणं निवडून सगळ्या गाड्यांना शिकवतात. आम्ही त्याला धडा म्हणतो.

गंमत वाटते गं या गाडीची. एकदा दोन हमाल कपाटाचा भला मोठा आरसा घेऊन रस्ता ओलांडत होते. गाडीला आरशात समोरून येणारी पांढरी गाडी दिसली. ती थांबली. समोरचीही थांबली. हिनं वाट दिली, तिनंही दिली. हमाल दमून आरसा टेकवून उभे राहिले, आणि माझी गाडी स्वतःलाच 'आधी तुम्ही' म्हणत राहिली. मला चाक हातात घेऊन बाजूनं पुढे जाता आलं असतं. नाही गेलो. आरशात ढग होते, झाडं होती, मधोमध मी होतो, आणि सगळं कसं निवांत होतं. मला कुणी कधी वाट दिल्याचं आठवत नाही. म्हणजे, मी कधी घेतली नाही. तू म्हणायचीस ना, मी दार ढकलूनच आत येतो, उघडं असलं तरी.

असो. तक्रारीकडे येतो.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या मॅडमनी ती वाचून दाखवली. या मॅडम इंजिनीअर, गाड्यांचे सगळे धडे त्याच ठरवतात. 'तुमची प्रत्येक गाडी आमच्या दारासमोर रेंगाळते. काचा काळ्या, आत कोण आहे कळत नाही. कुणीतरी जागेवर डोळा ठेवून आहे असं वाटून मावशीची झोप उडाली आहे. बघायचंच असेल तर उतरून बघा, रोपं विकायलाच ठेवली आहेत.' खाली नाव वाचायच्या आधीच मला कळलं. आपल्या वर्गात असं मास्तरणीसारखं भांडण दुसरं कुणी करत नव्हतं. सगळे हसले. मी हसलो नाही.

मग शोध सुरू झाला. तुझ्या दारात माणूस आडवा येत नाही, खड्डा नाही, वळण नाही, मग गाडी मंदावते कशाला? मॅडम दोन जणांना घेऊन आल्या होत्या, तू पाहिलं असशील. त्यांनी सावल्या मोजल्या. तू पाइपनं पाणी मारतेस त्या तुषारांचे फोटो काढले. शेवटी ठपका आला पिंपांतल्या बांबूवर. वाऱ्यानं बांबू हलतो, गाडीला वाटतं कुणी पाऊल टाकतंय. बांबू आत हलवा असं पत्र तुम्हाला जाणार होतं. मावशींनी तो बांबू पोरासारखा वाढवलाय, हे मला माहीत आहे.

ते पत्र गेलं नाही. का गेलं नाही, ते सांगायलाच मी बसलोय, आणि बघ, आरशाच्या गोष्टी सांगत सुटलोय.

खरं म्हणजे गाड्या मंदावतात हे मला तुझ्या आधीपासून माहीत होतं. आमच्यात एक शिट्टी आहे. येता-जाता शिट्टी वाजवतो म्हणून शिट्टी. एकदा त्याच्या मागून माझी गाडी होती, आणि त्याची गाडी तुझ्या दारापाशी अशी हळू झाली, अशी हळू झाली, की माझं डोकंच फिरलं. चार्जिंगच्या आवारात पोचल्या पोचल्या मी त्याची कॉलर धरली.

"काय रे, रोपवाटिकेसमोर का मंदावतोस?"

"मी कुठे? गाडी मंदावते!"

"गाडीला काय कुंडी घ्यायचीय?"

"मला काय माहीत? विचार की तिला! सोड, बटण तुटेल."

बटण तुटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची गाडी मंदावली, त्याच्याशीही वाजलं. मग काकांची. काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, नातवंडं आहेत. मी तरीही तावातावानं गेलो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाळा, मला चष्म्याशिवाय बायको दिसत नाही. तिथे कोण उभं असतं, तूच सांग."

सगळे खो खो हसले.

परवा मॅडमनी मला काकांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं, काय होतं ते बघायला. काकांनी हात मांडीवर ठेवले. गाडी तुझ्या रस्त्याला लागली. सकाळचं ऊन होतं, रस्ता नुकताच धुतल्यासारखा. सायकलच्या दुकानापासूनच तिनं वेग सोडायला सुरुवात केली. एकदम नाही. झोप येताना बोलता बोलता आवाज उतरत जातो ना, तसा. बांबू आला, तुझ्या कुंड्या आल्या, तुझं ते फाटक्या कडेचं निळं टोपडं आलं. तू वाकून काहीतरी उपटत होतीस. गाडीनं जणू श्वास धरला. पाण्यात पान वाहावं तसे आपण सगळे वाहतोय असं वाटलं, काका, मी, ऊन, तू. मग अगदी नाइलाजानं निघाल्यासारखी ती पुढे गेली.

मास्तरीणबाई, तो माझा पाय होता.

मी मागे हाताची घडी घालून बसलो होतो, आणि पुढे माझाच पाय मंदावत होता. त्या रस्त्याचा धडा माझा आहे. मॅडमनी मागे सांगितलं होतं, त्या रस्त्यावर तुझ्याइतकं अलगद कुणी चालवत नाही, एक हिसका नाही. मी किती फुशारलो होतो! बाकी सगळीकडे माझा हॉर्नवरचा हात निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तुला पहिल्यांदा तिथे पाहिलं तेव्हा मी थांबणारच होतो. पण आरशाजवळ एक छोटा कॅमेरा असतो, तो आमच्या डोळ्यांवर. नजर रस्त्यावरून हटली की गाडी टुंग करते, आणि ऑफिसात कळतं. म्हणून मी तुझ्याकडे कधी बघितलंच नाही. नजर समोर ठेवली आणि वेग कमी केला, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात तू जरा जास्त वेळ राहशील. रोज. हे मी गाडीला शिकवतोय, आणि गाडी गावभर सांगत सुटणार आहे, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

आणि थांबलो का नाही, तेही लिहितो. कॉलेज सोडून निघालो तेव्हा फाटकापाशी तू म्हणालीस, "जा, पण रागात जाऊ नकोस. राग उतरला की परत यायची लाज वाटेल." मी म्हणालो, तू माझी कोण लागतेस? राग घरी पोचायच्या आतच उतरला होता. लाज अजून आहे.

गाडीतून उतरून मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. म्हटलं, बांबूला हात लावू नका, दोष माझा आहे. सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"हे मी अहवालात काय लिहू?"

"लिहा, चालकाचं लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं?" त्या म्हणाल्या. "इतकं लक्ष मी कुणाचंच पाहिलं नाही. तोच तर घोळ आहे."

काम राहिलं. रस्ता गेला. मला आता घाटातली गाडी दिलीय. माझा धडा काढून शिट्टीचा घातला, शनिवारी सगळ्या गाड्यांना नवा लागेल. (शिट्टीला मी नवा शर्ट घेऊन दिला. तो म्हणाला, अजून एक बटण तुटलं तरी चालेल.) मावशींना सांग, जागेवर कुणाचा डोळा नाही. शनिवारनंतर आमच्या गाड्या तुझ्या दारावरून सरळ निघून जातील, काही नसल्यासारख्या. या विचारानं मला कालपासून कुठे लक्ष लागत नाही. घाटात धुकं असतं, गाडीला काही दिसत नाही, मला सगळीकडे निळं टोपडंच दिसतं.

म्हणून विचारतो. रविवारी मी येऊ? चालत येईन. काच मधे नसेल, गाडी नसेल, माझ्या वतीनं थांबणारं कुणी नसेल. तू 'नको' म्हणालीस तर मी वाद घालणार नाही. मावशींना गुडघ्याचं विचारेन आणि परत जाईन, रागात नाही. आणि 'ये' म्हणालीस तर काय करेन ते मला माहीत नाही, ते मी कधी शिकलो नाही.

कळवायची घाई करू नकोस, असं लिहिणार होतो. कर.

तू माझी कोण लागतेस ते आता ठाऊक असलेला,

तडतड्या