नलूची दोन कार्डं

१२ मार्च १९७९, सोमवार
साहेब आज नलूला नुसतं "नलिनी" म्हणाले. मी अजून "कुसुमबाई". दोघी एकाच दिवशी कॉम्प्युटर विभागात लागलो. मुंबईच्या प्रोग्रॅमिंगच्या ट्रेनिंगला आमच्यातली एकच जाणार, नाव पुढच्या सोमवारी. मला जायचंय असं मी कोणाजवळ बोलले नाही. नलू चहा पिता पिता सगळ्यांदेखत, "मले तर जायचंच आहे बाप्पा!"

१४ मार्च
हजेरीच्या प्रोग्रॅमचा पंचकार्डांचा गठ्ठा तपासायला घेतला. कार्डं नीट लावून माथ्यावर मी तिरकी निळी रेघ मारून ठेवते. कार्ड बदललं की तिथे रेघ तुटते. आज तुटलेली. दोन पांढऱ्या फटी. परवानगीची चिठ्ठी नाही.
प्रोग्रॅमच्या जुन्या छापील लिस्टिंगशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. बदल बरोबर आहे. रात्रपाळीवाले पहिल्या तारखेला गैरहजर दिसायचे, आता दिसणार नाहीत. हा गठ्ठा दर महिन्याला माझ्या हातून जातो. मला का नाही सुचलं?
काम नलूचंच. दुसऱ्या कोणाला...

१५ मार्च
गठ्ठा अडवला. नलूला विचारलं. तिने लपवलं नाही.
"हो, मीच बदलले. रात्रपाळीचा एक जण पगाराच्या खिडकीशी उभा राहून रडून राहिला होता."
"मग वरून रेघ का नाही ओढलीस? कळलंही नसतं."
"काहून ओढू? तुले दिसलंच असतं. तुह्या नजरेतून काय सुटते वं?"
याचा आनंद व्हायला हवा होता.
चिठ्ठीचं विचारलं तर म्हणे, साहेबांनी तोंडी सांगितलं, कर म्हणून.
तोंडी! मला एक स्वल्पविराम तोंडी बदलू दिलेला नाही.

१६ मार्च
रिपोर्ट लिहिला. नलूचं नाव घातलं, खोडलं, परत घातलं. मला चौथीपर्यंत वडिलांनी घरीच शिकवलं. खोडाखोड दिसली की पान पुन्हा लिहायला लावायचे. पुन्हा लिहिला. नाव ठेवलं.

१७ मार्च, शनिवार
साहेबांनी रिपोर्ट वाचून परत दिला. "हे राहू द्या. मी चिठ्ठी करून देतो."
दुपारी चिठ्ठी घेऊन नलूच आली. तारीख मागची, पाच मार्च. खाली ‘तपासले’, आणि माझ्या सहीची जागा. सही केली की सगळं नियमात. नाही केली तर प्रकरण वर जाणार, आणि नलूचं ट्रेनिंग गेलं.
"कर नं वं सही." हसत नव्हती.
सोमवारी सांगते म्हटलं. ती डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी रोजच्यासारखी माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी खाल्ली नाही.

१८ मार्च, रविवार
चिठ्ठी पर्समध्ये, सहीविना. पाच तारखेला मी काहीही तपासलेलं नाही. उद्या दहाला साहेब मागतील.
पंचिंगमधल्या शरदसाठी अशी सही केली असती का? नसती. म्हणजे मी नियमानेच वागते आहे. सकाळपासून स्वतःला हेच सांगते आहे.
पण शरदला नाही म्हणायचं असतं तर आज घास उतरला नसता. नलूला नाही म्हणायचंय, तर दोन पोळ्या जास्त गेल्या. आई वाढताना म्हणाली, "आज कशी मोकळी दिसतेस."