उंडीचं तेल

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या दुप्पट तुमची मुलगी आता झाली आहे, आणि गेल्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या इस्पितळात तिची छाती उघडून पुन्हा शिवली. सुरुवात तुमच्यासारखीच झाली. नारळ खोवताना डावा हात भरून यायचा. मी विळीला बोल लावला, हट्टाने नवी विळी आणली आणि तिलाही शिव्या घातल्या. शेवटी सुनेने माझं काही न ऐकता डॉक्टरांकडे नेलं.

तुम्ही आंबे उतरवायच्या घळीला बोल लावायचात. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल, वैशाखातली सकाळ. आपण दोघं बागेकडे निघालो आहोत. घळ, जाळीची ती लांब काठी, तुमच्या खांद्यावर आहे, आणि चिऱ्याच्या पायऱ्यांची घाटी चढताना तुम्ही मध्येच थांबता. "जरा टेकतो गो बाय, कलम बघून घेतो," म्हणता. तिथे कलम कुठलं, नुसता तापलेला कातळ. मला हसू येतं, तुम्हीही हसता. घरी आलं की आई उंडीचं तेल कोमट करून तुमच्या दंडाला चोळत बसे. आंब्याच्या दिवसांत वाडीतल्या घराघरांतून तो उग्र वास यायचा. घळ धरणाऱ्याचा हात दुखायचाच, त्यात वेगळं काही असेल असं कुणाच्या मनात यावं? एका संध्याकाळी आईने तेल चोळलं, हात धुवायला ती मागल्या दारी गेली, आणि परत येते तो तुम्ही पडवीत कलंडला होतात. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आईने त्यानंतर त्या तेलाला हात लावला नाही. उंडीच्या बिया अंगणात पडून कुजायच्या. माझे गुडघे धरले तरी म्हणायची, डॉक्टरला दाखव, मी चोळायची नाही. आपणच जोर लावून चोळलं आणि दुखणं छातीत उतरवलं, असं तिने मनाशी धरलं होतं. तोंडाने कधी बोलली नाही, पण मला ते कळत होतं आणि तिची फार दया यायची.

माझ्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदय थांबवायचं नाही, ते चालू असतानाच टाके घालायचे. छातीच्या हाडामागे एक धमनी असते. तिचं वरचं टोक जागेवरच ठेवायचं, खालचं सोडवून हृदयाच्या बुजलेल्या नळीला पुढे जोडायचं. पायातून काढलेल्या शिरेपेक्षा ही जास्त वर्षं टिकते म्हणाले. मी म्हटलं, हे तर भेटकलम. आईझाडाची फांदी न तोडता तुम्ही रोपाला भिडवायचात, केळीच्या सोपाने आवळून बांधायचात, तेच डोळ्यांपुढे आलं. भीती तिथेच निम्मी झाली. मग मी त्यांना तुमचं विचारलं. ते म्हणाले, त्या काळी हे ऑपरेशन कुठेच नव्हतं, मुंबईतही नाही. आणि तेल चोळण्याने काहीही बिघडलेलं नाही.

घरी आल्यावर आईला ते सांगितलं. नव्वदी गाठलेल्या आईने पुन्हा विचारून घेतलं.

"म्हंजे माज्या तेलानं घात नाय ना केलान?"

"नाही गं आई."

 दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सुनेला पाठवून शेजारून वाटीभर तेल आणवलं, माझा डावा हात मांडीवर घेतला आणि चोळू लागली. बोटांत जोर राहिलेला नाही, चोळते कसली, नुसता हात फिरवते. मला दुखत नव्हतं, तरी मी दुखतंय म्हणाले. आता रोज चोळते.

आत्ताही पडवीतून विचारते आहे, "काय लिवत्येस गो येवढा?" तिला वाचता येत नाही, पण घरात कागद दिसला की सुनेकडून वाचून घेतल्याशिवाय सोडत नाही. म्हणून हा कागद न्हाणीच्या चुलीत जाईल. सर्जन आणखी एक गोष्ट बोलले होते, ती मी तिला सांगितलेली नाही. कुणी वेळेवर ओळखलं असतं, घाटी चढणं बंद करून तुम्हाला निजवून ठेवलं असतं, तर कदाचित थोडे दिवस मिळाले असते. आईला ते कधीच कळणार नाही. पण बाबा, मला ते थोडे दिवस हवे होते.